ज्यांनी रविवार मिळवला, त्यांच्या गावातून

मुंबईचं गिरणगाव पायी बघायचं असेल तर रविवार धरावा. एक तर रस्त्यांवर गर्दी कमी असते. दुसरं म्हणजे हा सुट्टीचा रविवार आपल्या पदरात पडला तो याच भागातल्या माणसांमुळे. मी सुरुवात महालक्ष्मी स्टेशनपासून करते. पुलाच्या पूर्वेला धोबीघाट, पश्चिमेला थोड्याच अंतरावर रेसकोर्स. घोड्यांच्या शर्यतींसाठी ओळखल्या जाणाऱ्या या मैदानात एप्रिल 1890 मध्ये सुमारे दहा हजार गिरणी कामगार जमले होते. मागणी एकच: आठवड्यातून एक दिवस सुट्टी. त्या सभेत दोन कामगार स्त्रियांनी भाषणं केली. 10 जून 1890 रोजी गिरणी मालकांच्या संघटनेनं रविवारची सुट्टी मान्य केली.

ही सभा घडवून आणली नारायण मेघाजी लोखंडे यांनी. लोखंडे जोतीराव फुल्यांचे सहकारी, सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते आणि ‘दीनबंधु’चे संपादक. 1884 मध्ये त्यांनी ‘बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन’ स्थापन केली आणि परळला कामगारांच्या सभा घेतल्या. तिथं तयार झालेल्या अर्जावर 5,500 कामगारांच्या सह्या होत्या. त्यातल्या मागण्या आज वाचताना पोटात कालवतं: रविवारी सुट्टी हवी, दुपारी अर्धा तास विश्रांती हवी, सकाळी साडेसहाला सुरू झालेलं काम सूर्यास्ताला थांबावं, पगार पुढच्या महिन्याच्या 15 तारखेच्या आत मिळावा, यंत्रात सापडून जायबंदी झालेल्याला काहीतरी भरपाई मिळावी. म्हणजे यातलं काहीही तोवर मिळत नव्हतं. ताडदेवला कावसजी नानाभाई दावर यांनी 1854 मध्ये मुंबईतली पहिली कापडगिरणी काढली आणि 1856 पासून ती धावू लागली. त्यानंतरची तीस वर्षं गिरणीतला दिवस सूर्याच्या हिशोबानं चालला, उन्हाळ्यात लांब आणि हिवाळ्यात आखूड. पुढं विजेचे दिवे आले आणि सूर्य मावळल्यावरही काम थांबेनासं झालं. आठवड्याला 48 तासांची मर्यादा कायद्यात यायला 1940 चं दशक उजाडलं. लोखंडे 1897 च्या प्लेगमध्ये गेले.

रेसकोर्सकडं पाठ करून पूर्वेला निघालं की सात रस्ता लागतो. तिथून डावीकडं वळणारा ना. म. जोशी मार्ग जुन्या माणसांच्या तोंडी अजून डिलाईल रोडच आहे. ना. म. जोशी म्हणजे 1911 मध्ये सोशल सर्व्हिस लीग काढणारे आणि 1920 मध्ये मुंबईत आयटक ही देशातली पहिली मध्यवर्ती कामगार संघटना उभी राहिली तेव्हा तिच्या पायाभरणीत असलेले गृहस्थ. मवाळ स्वभावाचे, कायदा आणि वाटाघाटींवर भर देणारे. त्यांच्या नावाच्या रस्त्यावर जहाल लाल बावट्याचे, म्हणजे कम्युनिस्टांच्या युनियनचे, बालेकिल्ले होते, पण दोघांचंही स्थान या परिसरानं मानलं.

याच रस्त्यावर बीडीडी चाळी आहेत. 1920 नंतरच्या काही वर्षांत सरकारच्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटनं वरळी, नायगाव, शिवडी आणि डिलाईल रोड अशा चार ठिकाणी मिळून 207 इमारती बांधल्या. प्रत्येक इमारत तळमजला अधिक तीन मजल्यांची, प्रत्येक इमारतीत 80 खोल्या, प्रत्येक खोली 160 चौरस फुटांची. आता त्यांचा पुनर्विकास चालू आहे. काही इमारती पाडून तिथं टॉवर उभे राहत आहेत, रहिवाशांना 500 चौरस फुटांचं घर मिळणार आहे. ते मिळायलाच हवं. चाळीच्या आठवणींनी गहिवरणाऱ्यांनी सामायिक संडासासमोरची सकाळची रांगही आठवावी.

तरी एखादी जुनी इमारत उभी असेपर्यंत तिच्यात शिरून बघावं. मधोमध अंधारा पॅसेज, दोन्ही बाजूंना समोरासमोर दारं. एका खोलीत मला बोलावलं गेलं. दाराशी मोरी, भिंतीला लागून लोखंडी कॉट, वर लाकडी माळा, माळ्यावर गावाला जाताना लागणाऱ्या पेट्या. एकेकाळी अशा खोलीत एकाच गावचे दहा-पंधरा पुरुष राहायचे. त्याला गाळा म्हणत. तीन पाळ्यांमुळं सगळे एका वेळी खोलीत नसतच. पहिल्या पाळीचा उठून गेला की तिसऱ्या पाळीचा येऊन तिथंच पडायचा. पावसाळ्यात सगळा पॅसेज माणसांनी भरून जायचा, उन्हाळ्यात गच्ची आणि फूटपाथ.

खोलीतले काका साचाखात्यात होते. साचा म्हणजे माग. ते मोठ्यानं बोलतात, कारण मागांच्या खडखडाटात आयुष्य गेल्यानं कानांवर परिणाम झालाय. मी विचारलं, “काका, खात्यात एकमेकांशी बोलायचात कसं?”

“बोलायचं कुठलं ताई! ओठ वाचायचे नाहीतर हातानं खुणा करायच्या. धागा तुटू नये म्हणून खात्यात वाफ सोडलेली असायची. मे महिना असो नाहीतर पाऊस, आत घामाची आंघोळच.”

“आणि बदलीचे दिवस?”

“सात वर्षं बदली काढली. रोज सकाळी पास घेऊन फाटकावर उभं राहायचं. कोण गैरहजर आहे ते मुकादम बघणार आणि बोट करणार. बोट नाही आलं की माघारी.”

मुकादमाचं हे बोट समजून घेतल्याशिवाय गिरणगावचं राजकारण समजत नाही. कामावर घेणारा तो, काढणारा तो, पुष्कळदा खोली मिळवून देणारा आणि कर्जाला जामीन राहणाराही तोच. सुरुवातीच्या काळात संप व्हायचे तेही मुकादमाच्या भरवशावर. कामगारांची युनियन उभी राहायची तर या माणसाच्या मुठीतून कामगार सुटायला हवा होता. तो सुटला गाळ्यांमधून, तालमींमधून, भजनी मंडळांमधून आणि खानावळींमधून. कोकणातून, साताऱ्याकडून, पुणे-नगरच्या घाटमाथ्यावरून आलेली माणसं आपापल्या गावकीच्या मंडळांत एकमेकांना धरून होती. युनियनची खरी ताकद फाटकाबाहेरच्या या वस्तीत होती असं मला इथं फिरताना पुन्हा पुन्हा जाणवतं. संपाच्या काळात गिरणीचं फाटक बंद असायचं, वस्ती मात्र चोवीस तास उघडी असायची.

खानावळीचंच बघा. कुटुंब गावी ठेवून आलेल्या हजारो पुरुषांना दोन वेळचं जेवण घालणाऱ्या बायका याच चाळींत राहायच्या. पगार महिन्याला, जेवण रोजचं, त्यामुळं सगळा धंदा उधारीचा. संप झाला की उधारी थकायची, वाणी मात्र थांबायचा नाही. मग या बायका सावकाराकडून जबर व्याजानं पैसे उचलायच्या. म्हणजे प्रत्येक संपाचा मोठा भार खानावळवालीच्या डोक्यावर असायचा आणि तिचं नाव कुठल्याच सभासद यादीत नसायचं. गोवा मुक्तीच्या लढ्यातून आलेल्या, कामगार चळवळीत वाढलेल्या प्रेमा पुरव यांनी हे ओळखलं आणि 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केलं. खानावळवाल्या बायकांना राष्ट्रीयीकृत बँकांकडून त्यांच्या स्वतःच्या नावानं कर्ज मिळू लागलं. देशभर बचत गटांची चर्चा सुरू होण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट आहे.

गिरणीच्या आतही बायका होत्या. 1920 च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांतला सुमारे पाचवा हिस्सा कामगार स्त्रिया होत्या, मुख्यतः सूत गुंडाळण्याच्या खात्यांत. त्यांच्यावर नायकीण देखरेख करायची. उषाताई डांगे आणि पार्वतीबाई भोर यांच्यासारख्या पुढारी बायका त्यांच्यातूनच संघटना बांधत गेल्या. 1929 मध्ये मुंबई प्रांतात बाळंतपणाच्या पगारी रजेचा कायदा झाला. विधिमंडळात त्याच्या विधेयकाच्या बाजूनं डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोलले होते. पुढं यंत्रांची फेररचना झाली, रात्रपाळीला बायकांना बंदी होती, बाळंतपणाचा खर्चही मालकांना नको होता. एकेक करत बायकांची खाती आटली आणि 1980 च्या सुमाराला गिरणीत बाई क्वचितच दिसू लागली.

करी रोडचा पूल ओलांडला की लालबाग. एप्रिल-मे महिन्यात आलात तर रस्ता विचारावा लागत नाही, नाकच घेऊन जातं. मसाला बाजारात मिरच्यांचे ढीग, शेजारी डंक चालू. बायका वर्षाचा मसाला कांडून घ्यायला विरारपासून कर्जतपासून येतात. मिरची स्वतः निवडायची, देठं काढून घ्यायची, भाजून घ्यायची आणि डंकाखालून मसाला बाहेर येईपर्यंत तिथून हलायचं नाही. मालवणी मसाला वेगळा, घाटी मसाला वेगळा. कोकण आणि घाट इथं शेजारी शेजारी राहिले याचा पुरावा या दुकानांत अजून विकायला ठेवलेला आहे. पलीकडं चिवडा गल्ली आहे, आणि डॉ. आंबेडकर रस्त्यावर, इंडिया युनायटेड मिलच्या आवारातलं भारतमाता सिनेमागृह. पिढ्यान् पिढ्या इथं कामगारांनी मराठी चित्रपट पाहिले. जवळच्या हनुमान थिएटरात तमाशाचे फड उतरायचे, पगाराच्या आठवड्यात तिकीट मिळायचं नाही.

लालबागच्या गणेशगल्लीचा सार्वजनिक गणपती 1928 पासूनचा. हे साल ध्यानात ठेवा, कारण त्याच वर्षी इथल्या गिरण्या सहा महिने बंद होत्या. दोन माग चालवणाऱ्या विणकरानं तीन चालवावेत, कमी माणसांत जास्त काम व्हावं, असा मालकांचा बेत होता. एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत सुमारे दीड लाख कामगार बाहेर राहिले. मे महिन्यात गिरणी कामगार युनियन, म्हणजे लाल बावटा, स्थापन झाली. अध्यक्ष अर्जुन आत्माराम आळवे हे स्वतः गिरणी कामगार. सोबत श्रीपाद अमृत डांगे, निंबकर, जोगळेकर, मिरजकर. संप मिटल्यावर युनियननं प्रत्येक गिरणीत कामगारांची समिती नेमली. वर्षअखेरीस सभासद 54,000 च्या आसपास पोचले होते. मुकादमाचं बोट आणि कामगाराचं पोट यांच्या मध्ये पहिल्यांदाच एक संघटना उभी राहिली. सरकारनं मार्च 1929 मध्ये पुढाऱ्यांना पकडून मीरत कटाच्या खटल्यात गुंतवलं, त्यावरून तिची धास्ती किती होती ते कळतं.

पण या एकजुटीत एक भेग होती आणि ती दाखवण्याचं काम परळच्याच एका रहिवाशानं केलं. लालबागहून परळकडं चालत आलं की दामोदर हॉलच्या बाजूला बीआयटी, म्हणजे बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या, चाळी आहेत. तिथल्या चाळीत डॉ. आंबेडकर 1912 पासून 1934 पर्यंत राहिले. विणकाम खात्यात पगार चांगला होता, पण त्या खात्यात अस्पृश्य कामगारांना शिरकाव नव्हता. कारण धोट्यातली कांडी संपली की नवी कांडी घालून तिचा धागा धोट्याच्या भोकातून तोंडानं ओढून घ्यावा लागे. तोच धोटा पुढच्या पाळीचा माणूस ओठांना लावणार, म्हणून सवर्ण विणकरांचा विरोध. बाबासाहेबांनी संपाच्या पुढाऱ्यांना सरळ विचारलं, की ही बंदी उठवण्याची मागणी तुमच्या यादीत का नाही? कामगार सगळे एक, असं म्हणणाऱ्या चळवळीला हा प्रश्न टाळता येण्यासारखा नव्हता. माझ्या मते गिरणगावच्या इतिहासातला हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे, आणि चळवळीनं त्याला दिलेलं उत्तर अपुरं राहिलं.

तरीही दोन्ही प्रवाह एकत्र आले तेव्हा काय घडलं ते परळच्या कामगार मैदानानं पाहिलं. सक्तीच्या तडजोडीच्या नावाखाली संपाचा हक्क आवळणारं औद्योगिक कलह विधेयक मुंबई सरकारनं आणलं. त्याविरुद्ध 7 नोव्हेंबर 1938 रोजी एक दिवसाचा संप झाला. आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट खांद्याला खांदा लावून उतरले, आणि कामगार मैदानावर प्रचंड सभा झाली. आज त्या मैदानावर मुलं क्रिकेट खेळतात. तसंच जवळचं नरे पार्क. या दोन मैदानांनी शंभर वर्षांत जितकी भाषणं ऐकली तितकी राज्याच्या विधानसभेनंही ऐकली नसतील. इथंच शाहिरांचे डफ वाजले. 1944 मध्ये अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी लाल बावटा कलापथक काढलं, आणि संयुक्त महाराष्ट्राची हाक चाळीचाळींत पोचवणाऱ्यांत ते आघाडीवर होते. गंगाराम सुर्वे या गिरणी कामगाराला रस्त्यावर सापडलेलं एक तान्हं मूल याच परिसरात वाढलं, गिरणीत राबलं आणि नारायण सुर्वे म्हणून मराठी कवितेत उभं राहिलं. फ्लोरा फाउंटनला 21 नोव्हेंबर 1955 रोजी गोळीबार झाला तेव्हा मोर्चात चालत गेलेले कितीतरी पाय या गल्ल्यांतले होते. महाराष्ट्र राज्य स्थापन झालं ते 1 मे रोजी, कामगार दिनी. गिरणगावला ते आपलंच यश वाटलं.

परळमध्येच ‘मजदूर मंझिल’ आहे, राष्ट्रीय मिल मजदूर संघाचं कार्यालय. स्वातंत्र्यानंतरच्या सगळ्या भांडणाचं मूळ समजायला इथं थांबावं लागतं. 1946 च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यानुसार एका भागात एका उद्योगासाठी एकच प्रातिनिधिक युनियन. मालकांशी बोलायचा अधिकार तिलाच, इतरांना नाही. हा अधिकार काँग्रेसच्या बाजूच्या या संघाकडं राहिला. कामगारांचं मन दुसरीकडं गेलं तरी कायद्यानं त्यांचा आवाज हाच. पुढच्या काळात इथल्या राजकारणानं हिंसकही वळण घेतलं: परळचे कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा 5 जून 1970 रोजी लालबागमध्ये खून झाला आणि त्या जागेच्या पोटनिवडणुकीत शिवसेनेचा पहिला आमदार निवडून आला. चाळीत एका मजल्यावर राहणारी माणसं आता वेगवेगळ्या झेंड्यांखाली होती.

1981 च्या दिवाळीत बोनसवरून असंतोष भडकला. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या इंजिनीअरिंग आणि औषध कंपन्यांत डॉ. दत्ता सामंतांनी घसघशीत पगारवाढ मिळवून दिली होती. गिरणी कामगार त्यांच्या मागं पडला होता. कामगार घाटकोपरला डॉक्टरांच्या घरी गेले आणि नेतृत्व घ्याच म्हणून हटून बसले. 18 जानेवारी 1982 रोजी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. पगारवाढीइतकीच मोठी मागणी होती ती आपली युनियन आपण निवडण्याची. सरकार आणि मालक दोघंही हलले नाहीत. कामगार गावी गेले, शेतावर राबले, गावाहून तांदूळ-नाचणी आणून दिवस काढले. तोवर भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या यंत्रमागांनी कापडाचा बाजार घेतला होता. 1983 मध्ये सरकारनं तेरा गिरण्या ताब्यात घेतल्या. संप रीतसर मागं घेतल्याची घोषणा कधीच झाली नाही. 16 जानेवारी 1997 रोजी पवईत डॉ. सामंतांची गोळ्या घालून हत्या झाली.

परळहून रेल्वे ओलांडून प्रभादेवीला, म्हणजे जुन्या एल्फिन्स्टन रोडला आलं की शेवटचा टप्पा सुरू होतो. 29 सप्टेंबर 2017 रोजी इथल्या पादचारी पुलावरच्या चेंगराचेंगरीत 23 माणसं गेली. गिरण्यांच्या काळात बहुतेक कामगार चालत कामावर यायचे. पुढं गिरण्यांच्याच जमिनींवर कार्यालयांचे मनोरे उभे राहिले, लाखभर नोकरदार लोकलनं येऊ लागले, आणि जिने-पूल मात्र तेवढेच राहिले. सेनापती बापट मार्गानं दक्षिणेकडं चालत लोअर परळला पोचलं की फिनिक्स मिल येते. आज तो मॉल आहे. आवारात जुनी चिमणी जपून ठेवली आहे.

गिरण्यांच्या एकूण सुमारे 600 एकर जमिनीचं काय करायचं याचा न्याय्य मार्ग एकदा ठरला होता. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीत जमिनीचे तीन वाटे होते: एक महापालिकेला मैदानांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. 2001 मध्ये नियम बदलला आणि वाटणी फक्त मोकळ्या जमिनीपुरती राहिली. ज्या आवारात इमारतीच इमारती होत्या तिथं वाटायला उरलं काय? प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि 2006 मध्ये बदललेला नियम कायम झाला. मैदानं आणि घरं दोन्ही आटली. मॉडर्न मिलचे कामगार दत्ता इस्वलकर यांनी 1989 मध्ये उभी केलेली बंद गिरणी कामगार संघर्ष समिती चिवटपणे लढत राहिली, म्हणून निदान घरांचा हक्क टिकला. म्हाडाची पहिली सोडत 2012 मध्ये निघाली: 6,925 घरं, प्रत्येकी 225 चौरस फुटांची. अर्ज करणारे कामगार आणि वारस दीड लाखाच्या आसपास. इस्वलकर 2021 मध्ये गेले आणि बहुसंख्य अर्जदारांची प्रतीक्षा त्यांच्या हयातीत संपली नाही.

लोअर परळच्या या रस्त्यावर रविवारीही कामाला सुट्टी नसते. सुरक्षारक्षक, सफाई कामगार, मॉलमधल्या दुकानांत दिवसभर उभ्या असणाऱ्या मुली, पाठीवर पिशवी घेऊन सिग्नलला थांबलेले डिलिव्हरीवाले. त्यांतले बरेचसे ठेकेदारामार्फत लागलेले. कोणाला काम मिळणार हे आता मोबाइलवर कळतं, पण नाही मिळालं तर विचारायचं कोणाला, हा प्रश्न बदलीवाल्याचाच आहे. फरक इतकाच, की बदलीवाला संध्याकाळी चाळीत परतायचा आणि तिथं त्याच्यासारखे शेकडो असायचे. आजचा कामगार नालासोपाऱ्याला उतरतो, त्याच्या शेजारी उभा असलेला बदलापूरला. एकत्र राहणं तुटलं, म्हणून एकत्र येणंही अवघड झालं. 1928 च्या कार्यकर्त्यांनी युनियन उभी केली ती माणसं जिथं झोपत, जेवत, गात होती तिथं जाऊन. ज्यांना आज संघटना बांधायची आहे त्यांनी गिरणगावाकडून हे एवढं तरी घ्यावं: कामाच्या जागी माणसं भेटत नसतील तर ती भेटतात कुठं ते आधी शोधावं, आणि त्या जागी जाऊन बसावं. आणि तिथं बसताना, कोणाला आत घेतलेलं नाही हा बाबासाहेबांचा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारावा.